सेल्वीची नळी आणि पाट्टीची विभूती

आमच्या मराठी मंडळाच्या बाई दर वर्षी दिवाळी अंकासाठी सगळ्यांकडून लिहून घेतात. बँकेतले लिहितात, रेल्वेतले लिहितात, हल्ली कंपन्यांतली तरुण मुलंही लिहितात. या वर्षी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही एवढी वर्षं दवाखान्यात काढलीत. तुम्ही का नाही लिहीत?" मी चहाचे कप गोळा करायला उठले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण घरी आल्यावर वाटलं, अंकासाठी नको, आपल्यापुरतं लिहायला काय हरकत आहे? लोकांनी आपल्याला काय काय दिलं ते नुसतं मनात ठेवलं की हळूहळू पुसट होतं.

मी आया होते. माझे यजमान गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवायचे. लग्न होऊन सातारा जिल्ह्यातून इथे तमिळ मुलखात आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. मुलं शाळेत जायला लागल्यावर शेजारच्या बाईने मला एका मोठ्या रुग्णालयात चिकटवलं. मला वाटलं, फरशी पुसायची आणि भांडी उचलायची, त्याला भाषा कशाला हवी? त्यांनी मला पाठवलं ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या वॉर्डात. मुलांना भाषा लागतेच. माझं तमिळ मी मुलांकडूनच शिकले, त्यामुळे त्यात लाडाचे आणि भांडणाचे शब्द भरपूर होते, बाकीचे कमी.

या मुलांच्या नळीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅन्सरची औषधं इतकी जहाल की हाताच्या बारीक शिरा त्यांनी जळून जातात. रोज सुया टोचून मूल बेजार होतं. म्हणून काही मुलांना ऑपरेशन करून छातीत एक मऊ पांढरी नळी बसवतात. आतलं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं आणि बाहेर छातीवर दोन शेपट्या लोंबतात, एकीला लाल टोपण, दुसरीला पांढरं. रक्त काढायचं, औषध द्यायचं, सगळं तिथूनच. मूल रडत नाही. बसवल्यावर आईबापांना वाटतं, सुटलो.

पण ती नळी म्हणजे थेट रक्तात जाणारा रस्ता. कॅन्सरच्या पेशी मारताना औषधं शरीराचे राखणदारही मारून टाकतात. तुमच्या-माझ्या हातावर जे जंतू मजेत राहतात आणि कधी काही करत नाहीत, तेच या रस्त्याने आत गेले की मूल दगावू शकतं. ताप येतो, आणि या मुलांचा ताप म्हणजे घराला लागलेली आग. उद्या बघू म्हणून चालत नाही.

हे मला शिकवलं एलियम्मा सिस्टरनी. त्या केरळच्या. उंच, सावळ्या, आवाज इतका हळू की ऐकायला जवळ जावं लागे. नळी उघडायच्या आधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या. मग टोपण स्पिरिटने घासायच्या, आणि घासल्यावर थांबायच्या. हे थांबणं फार महत्त्वाचं. स्पिरिट वाळतं तेव्हाच ते आपलं काम करतं. पण आपल्या बायकांना काही ओलं दिसलं, झोंबणारं दिसलं, की लगेच तोंड पुढे जातं आणि फुंकर घातली जाते. प्रत्येक आई हे करायची. तमिळ असो, तेलुगू असो, फुंकर सगळ्यांची सारखी. सिस्टर दोन्ही हात वर धरून म्हणायच्या, "फुंकू नका हो, तोंडातही जंतू असतात!" मग मुलांना गाणं म्हणायला लावायच्या. गाणं संपेपर्यंत स्पिरिट वाळायचं.

माझं काम नळीला हात न लावण्याचं. ऐकायला गंमत वाटेल, पण तेही काम आहे. मूल धरायचं, नळी भिजू न देता अंग पुसून द्यायचं, चादरी बदलायच्या, बेसिनपाशी साबण संपू द्यायचा नाही. आणि पिशव्या शिवायच्या. त्या दोन शेपट्या लोंबत राहिल्या की मूल झोपेत ओढतं. म्हणून मी जुन्या सुती साडीच्या छोट्या पिशव्या शिवायची, गळ्यात अडकवायच्या. शेपट्या गुंडाळून त्यात ठेवायच्या. मला शिवण चांगलं येतं. रोज सगळ्या पिशव्या गोळा करून उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि धुतलेल्या घालायच्या. सिस्टर एकदा डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, "आमच्या आयाम्माच्या पिशव्या बघा." आयाला तिकडे आयाम्मा म्हणतात. त्या दिवशी मी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

सेल्वी आली ती समुद्राची मोठी लाट, ती त्सुनामी, आली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. इथून जवळच्याच किनाऱ्यावरच्या कोवलमच्या (केरळातलं नव्हे) कोळ्याची पोर, पाच-सहा वर्षांची. आई नुकतीच बाळंत झालेली, बाप होडीवर. म्हणून तिच्याजवळ राहायची तिची आजी. आजीला तमिळमध्ये पाट्टी म्हणतात, आणि आम्ही सगळे तिला पाट्टीच म्हणायचो. नाकात दोन्हीकडे चमक्या, कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत ओघळलेल्या. सगळा जन्म टोपलीतून मासे विकण्यात गेलेला.

पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, इथे पाणी आहे, तिथे संडास आहे. तिने ऐकून घेतलं आणि नातीला म्हणाली, "हिचं तमिळ म्हणजे भातातले खडे गं. पण वाढते प्रेमाने."

सेल्वी खिदळली. तेव्हापासून मी काही बोलले की ती म्हणायची, "आयाम्मा, खडा लागला!"

नळी बसवून आली तेव्हा ती आधी घाबरली. मग छातीकडे वाकून दोन शेपट्या नीट बघितल्या. लाल टोपणाच्या शेपटीला म्हणाली, हा संकरा. पांढरीला म्हणाली, हा वाळै. संकरा म्हणजे तांबडा मासा आणि वाळै म्हणजे चकचकीत लांब पट्टीसारखा मासा, हे मला पाट्टीने समजावलं. त्या दिवसापासून सिस्टर औषध द्यायला आल्या की सेल्वी विचारायची, "आज कोणाला खायला घालणार?" स्पिरिट वाळेपर्यंत ती होड्या ओढतानाचं गाणं म्हणायची, आणि ते संपतच नसे. सिस्टर म्हणायच्या, "पुरे गं, वाळलं कधीच." ती म्हणायची, "जाळं अजून किनाऱ्याला लागलं नाही!"

पाट्टी माझ्याशी बरी वागायची, फक्त एका बाबतीत हट्टी. सेल्वीची पिशवी मला धुवायला देत नसे. म्हणायची, "ही राहू दे. मी धुते माझ्या हाताने." मला वाटलं, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या पोराच्या गळ्यातली पिशवी तिला नको असेल. असे लोक येतात. मी धुतलेली पिशवी उशाशी ठेवून जायची.

एका सकाळी सिस्टरनी सेल्वीची नळी नेहमीसारखी मिठाच्या पाण्याने धुतली. वापरात नसली तरी ती मधूनमधून धुवावी लागते, नाहीतर आत रक्त गोठतं. सेल्वीने जाळं किनाऱ्याला लावलं, मासे जेवले, सगळं झालं. मी पलीकडच्या खाटेवर चादर घालत होते. थोड्या वेळाने तिच्या खाटेचा लोखंडी कठडा खडखडायला लागला. बघते तर पोर थरथर कापत होती. दात वाजत होते, ओठ निळे झाले होते. पाट्टी तिच्या अंगावर पडून तिला दाबून धरत होती.

सिस्टर धावत आल्या. एकदा नळीकडे आणि एकदा पोरीकडे बघून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा. नळी धुतली आणि लगेच थंडी भरली. जंतू नळीतच आहेत." धुताना ते पाण्याबरोबर रक्तात ढकलले गेले होते. नळीतून आणि हातातून, दोन्हीकडून तपासायला रक्त घेतलं. हाताला सुई लावून औषध सुरू झालं. थंडी जाऊन ताप चढला आणि सेल्वी घामाने निथळली.

कपडे बदलायला मी तिच्या गळ्यातली पिशवी काढली. हाताला काहीतरी टोचलं. पिशवीची खालची शिवण माझी नव्हती. मी सुती दोऱ्याने शिवते. तिथे जाळं विणायचा नायलॉनचा दोरा होता आणि कोळ्यांची गाठ. शिवणीच्या आत कागदाची पुडी होती. पुडी फुटून राख सगळीकडे पसरली होती. टोपणांच्या खाचांतही करडी राख बसलेली होती.

मी पाट्टीकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. हळूच म्हणाली, "आमच्या गावदेवीची, अम्मनची विभूती आहे. लाट आली तेव्हा हिला पोटाशी धरून मी देवळाचा खांब धरला होता. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि परत गेलं. रोज सकाळी चिमूटभर नळीच्या त्या तोंडांना लावते. पदराने पुसून टाकते, कुणाला दिसू नये म्हणून. तिथूनच सगळं आत जातं ना गं? मग आधी सामी आत जायला नको?" सामी म्हणजे देव.

माझ्या आईनेही हेच केलं असतं. पण गप्प बसण्यासारखं नव्हतं. मी ती पिशवी तशीच सिस्टरकडे नेली.

तेवढ्यात तरुण डॉक्टर आले. फार चांगला मुलगा होता, पण रात्रभर जागलेला आणि घाबरलेला. पुडी बघून त्याचा तोल गेला. "आजी, किती वेळा सांगितलं होतं! ही राख, आणि तुमचे ते मासळीचे हात! तुम्हीच तिच्या रक्तात विष घातलंत!"

सगळा वॉर्ड ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर पाट्टीने खाटेखालचं बोचकं ओढलं, लुगडी त्यात कोंबली आणि सेल्वीला उचलून खांद्यावर घेतलं. "ही सुई काढा. आम्ही घरी जातो."

तेव्हा ती गेली असती तर सेल्वी कोवलमला पोचली असती, पण फार दिवस राहिली नसती. हे सिस्टरना माहीत होतं, मला माहीत होतं, पाट्टीला मात्र पटत नव्हतं. बाप समुद्रावर, त्याला विचारणार कसं? सिस्टर तिच्यासमोर उभ्या राहिल्या, समजावलं, हात जोडले. पाट्टी त्यांच्या पलीकडे बघत राहिली. मग सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आयाम्मा, तू जा. आम्ही पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आमचं ती आता ऐकणार नाही."

मी जन्मात कुणाची समजूत काढली नव्हती. घरात पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात. पाट्टी दारापाशी बाकावर टेकली होती, पोर खांद्यावर, औषधाची बाटली एका मदतनीस बाईने हातात उंच धरलेली. मी जाऊन खाली जमिनीवर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पाट्टी, जा हवं तर. पण हिला धरण्याआधी हात धुवा."

ती भडकलीच. "हात! तुलाही माझे हातच दिसले? जन्मभर बसमध्ये माझ्या शेजारून माणसं उठून गेली. नाकाला रुमाल लावून. कंडक्टर म्हणायचा, म्हातारे, मागे जा. त्या वासावर मी घर चालवलं. आणि आता तो पोरगा म्हणतो, मासळीचे हात! माझे हात घाण, होय?"

"माझेही घाण आहेत," मी म्हणाले. "सिस्टरचेही. डॉक्टरांचेही. इथे सगळ्यांचे हात घाण आहेत, पाट्टी. देवळातून आलेल्याचेही. हिच्या अंगात राखणदार उरलेले नाहीत. औषधाने सगळे मारलेत. म्हणून आम्ही सगळे धुतो." एवढं लांब वाक्य मी तमिळमध्ये कधी बोलले नव्हते. खडे किती पडले असतील देव जाणे. शब्द संपले तेव्हा मी माझे हात तिच्यापुढे धरले.

माझे हात तेव्हा फार वाईट दिसायचे. साबण आणि स्पिरिटने सालं निघालेली, बोटांच्या पेरांना चिरा, नखांच्या कडा पांढऱ्या. लग्नकार्यात मी ते पदराखाली लपवायची.

पाट्टीने एका हाताने पोर सावरलं आणि दुसऱ्या हाताने माझी बोटं धरली. उलटी केली, सुलटी केली. अंगठ्याने चिरा चाचपल्या. मासा ताजा आहे का हे बघतात तशी.

"बर्फात हात घालणारीचे असे होतात," ती म्हणाली. "माझ्या सासूचे होते. मिठाने आणि बर्फाने." मग पुन्हा माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "एवढं धुतेस?"

"दिवसभर."

"आमच्याकडे मासे बर्फात ठेवतो ना, त्या पेटीत कुणी हात घातला की मी ओरडते. आदल्या दिवशीचा एक मासा वर पडला की सगळी पेटी जाते." सेल्वी तिच्या खांद्यावर कण्हत होती. "ही माझी पेटी. आणि मीच हात घातला."

मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. मग माझी बोटं न सोडता तिने विचारलं, "पण मग सामी आत जाणार कुठून?"

मी खरं तेच सांगितलं, "मला नाही माहीत, पाट्टी."

का कोण जाणे, पण मी खोटं उत्तर दिलं नाही हेच तिला बरं वाटलं असावं. ती उठली, सेल्वीला खाटेवर ठेवलं आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. "शिकव." मी तिला शिकवलं, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं. तिच्या हातांवरच्या खवल्यांच्या जुन्या चिरा माझ्याहून खोल होत्या.

तपासणीत जंतू नळीतच निघाला. डॉक्टर म्हणाले, माती-धुळीत राहणारा आहे, नळीच्या आतून शेवाळासारखा चिकटतो, नळी काढल्याशिवाय जाणार नाही. त्यांनी स्टूल ओढून पाट्टीशेजारी बसून हे सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी नको ते बोललो." पाट्टी म्हणाली, "तंबी, आधी पोरगी वाचव. मग आपण भांडू." तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

नळी काढली तेव्हा सेल्वी रागावली. ताप उतरत नव्हता तरी तेवढा जोर तिच्यात होता. "माझे मासे कुणी चोरले?" ते दिवस कठीण गेले. पोर डोळे उघडायची, मिटायची. भाताचं पाणीही पोटात राहत नव्हतं. सिस्टर ड्यूटी संपली तरी घरी जात नसत. मी विठोबाला सांगितलं, अम्मनला सांगितलं, सिस्टरच्या येशूलाही सांगून ठेवलं. एका दुपारी मी तिचं अंग पुसत होते आणि गिंडीच्या एका सुताराबद्दल पाट्टीला काहीतरी सांगत होते. पुसता पुसता सेल्वीचाच बारीक आवाज आला, "खडा लागला." पाट्टी तोंडात पदर धरून रडली.

काही आठवड्यांनी दुसरी नळी बसवली. आता पाट्टी वॉर्डाची राखणदार झाली होती. दारापाशी बसायची आणि कुणी आलं की ओरडायची, "हात!" नव्या आयांना, मोठ्या डॉक्टरांना, झाडूवाल्याला, सगळ्यांना. एका मुलाचे वडील बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. फुलांतही जंतू असतात, म्हणून त्यांनाही वॉर्डात बंदी असते. पाट्टीने त्यांना दारातच अडवलं आणि गजरा स्वतःच्या केसांत माळून बाहेर जाऊन बसली. म्हणाली, "वाया कशाला घालवायचा?"

पिशवीत देव ठेवणारी ती एकटी नव्हती हे तेव्हाच आमच्या लक्षात आलं. शोधल्यावर ताईत निघाले, तुळशीचं पान निघालं, दर्ग्यातला धागाही निघाला. मीच गळ्यात अडकवायला पिशवी दिली होती, मग लोक तिला ताईत समजणारच. सिस्टरनी कुणाला रागावलं नाही. मला म्हणाल्या, "आणखी एक पिशवी शिव." ती मी मोठी शिवली आणि खाटेच्या पायथ्याच्या कठड्याला बांधायला दिली. देव तिकडे, नळी इकडे. मुलांच्या सगळ्या आई-आज्या खूश झाल्या.

पण पाट्टीचं समाधान होत नव्हतं. तिच्या मते पायथ्याशी देव ठेवणं बरं नव्हतं. मग एका सकाळी मी कामावर आले तेव्हा ती दारात उभी होती. हातात पुडी. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

"वाक," ती म्हणाली.

मी वाकले. तिने चिमूटभर विभूती माझ्या कपाळाला लावली. अंगठा दाबून, आडवी ओढून. "मी तिथे हात लावू शकत नाही. तू जातेस आत. सामी तुझ्याबरोबर जाईल." मग मागे वळून म्हणाली, "सिस्टर, तूही ये."

एलियम्मा सिस्टरच्या गळ्यात क्रूस होता. त्यांनी टोपी थोडी मागे सरकवली आणि एवढी उंच बाई पाट्टीसमोर वाकली. पाट्टीने त्यांनाही विभूती लावली, मग आम्हा दोघींकडे बघून हाताने बेसिन दाखवलं. "आता हात."

आम्ही धुतले. सिस्टरनी टोपण घासलं, सेल्वीने गाणं धरलं, आणि सगळे वाळायची वाट बघत थांबलो.

सेल्वीचे उपचार पूर्ण झाले तोपर्यंत रोज सकाळी हे चाललं. दुसरी नळी कधी बिघडली नाही. ती काढली त्या दिवशी सेल्वीने मला छातीवरचा व्रण दाखवून सांगितलं, "इथे दोन मासे राहून गेले." पुढे तपासणीला ती दर वेळी उंच होऊन यायची आणि माझं तमिळ सुधारलं नाही म्हणून ओरडायची. सगळीच मुलं अशी घरी गेली नाहीत. जी गेली नाहीत त्यांच्या पिशव्याही मीच शिवल्या होत्या. त्यांच्याबद्दल लिहायला माझा हात चालत नाही.

आता मी घरीच असते. हातांच्या चिरा भरल्या आहेत, सून म्हणते किती मऊ हात तुमचे. पाट्टीने शेवटच्या भेटीत दिलेली पुडी देवाजवळ आहे. सकाळी आंघोळ झाली की त्यातली कणभर कपाळाला लावते, सिस्टरची, पाट्टीची, त्या वॉर्डाची आठवण करते, आणि मग मोरीपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुते. जायचं कुठेच नसतं, तरी वाळेपर्यंत थांबते.